हात धुणारा डॉक्टर

मंठ्यात माझी बदली झाली तेव्हा जी खोली भाड्याने मिळाली, तिच्या भिंतीपलीकडे कडूबाई राहायची. भिंत नावालाच होती. तिकडे फोडणी पडली की इकडे मला ठसका लागायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, ती गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये रेच्यावर कापूस घालायची. तिचा नवरा रामकिसन आडतीवर हमाली करायचा आणि बोलायचा फार कमी. दोघांना मिळून एक मुलगी, साखरा.

कडूबाई कुंभार पिंपळगावकडची, धनगराची. आधीच्या दोघी बहिणी पाळण्यातच गेल्या, म्हणून तिसरीला आजीने असं नाव दिलं, की यमाने तोंडात घेतली तरी थुंकून टाकावी. बापाची मेंढरं बहात्तरच्या दुष्काळात संपली आणि घर मजुरीला लागलं. ती उंच, काळीसावळी आणि तोंडाने फटकळ होती. स्वच्छतेचं तिला वेड होतं. जिनिंगमधून आली की केसातली, भुवयांवरची रूई झटकल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही. माझ्या घासलेल्या तांब्याकडे बघून एकदा म्हणाली, "बाई, पोरांला शिकवता बराबर, पन भांडं घासाया कोनी शिकवलं न्हाई तुमाला." आणि तो तांब्या उचलून घेऊन गेली. परत आला तेव्हा त्यात तोंड दिसत होतं.

जिनिंग दिवाळीनंतर सुरू व्हायची आणि उन्हं तापली की बंद पडायची. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणारं यंत्र. चामड्याचा रूळ फिरतो, पोलादी पातं सरकी अडवतं, रूई पलीकडे पडते. मधेच कापूस तुंबतो. तुंबला तर यंत्र थांबवून मग हात घालावा, अशी पाटी भिंतीवर होती. पण जी बाई यंत्र थांबवी तिच्या अंगावर मॅनेजर तातेराव सगळ्यांदेखत ओरडायचा, "काऊन थांबवलं? वीज तुझ्या बापाची हाय का?" म्हणून बाया चालत्या रेच्यात हात घालत.

शहाऐंशी सालच्या थंडीत कडूबाईचा डावा हात असाच आत ओढला गेला. शेजारच्या बाईने यंत्र फिरवणारा पट्टा पाडला म्हणून कोपरापर्यंत गेला नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चेचलं, तळवा फाटला.

जिनिंगची एक पद्धत होती. कुणाला इजा झाली की डॉक्टर देवानंदकडेच जायचं. तो मालकाचा मेहुणा. फाटकाला लागून पत्र्याच्या खोलीत त्याचा दवाखाना होता. त्याच्याकडे गेलं तर उपचाराचा खर्च जिनिंग करणार आणि रजेची मजुरी देणार. दुसऱ्या कुणाकडे गेलं तर यातलं काही नाही, आणि त्या दुसऱ्या डॉक्टरच्या कागदालाही किंमत नाही. हे कुठल्या कायद्यात नव्हतं. मालकाने ठरवलं होतं आणि सगळ्यांनी तो कायदाच मानला होता.

देवानंदने तिचा तळवा शिवला आणि घरी पाठवली. पुढच्या मलमपट्टीला मी तिच्याबरोबर गेले, कारण तिला ताप होता आणि रामकिसन हमालीवर होता. ती खोली मी विसरू शकत नाही. कोपऱ्यात बेसिन होतं, पण त्याला नळच जोडलेला नव्हता. त्यात डॉक्टरने आपली छत्री उभी करून ठेवली होती. टेबलावर वर्तमानपत्रात भजी पसरलेली. त्याने एक भजं तोंडात टाकलं, बोटं पँटला पुसली आणि त्याच बोटांनी तिची पट्टी सोडवली. जखमेला चिकटलेली शेवटची घडी त्याने ओढली तेव्हा कडूबाईने माझं मनगट धरलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. खुर्चीतून उठलासुद्धा नव्हता. "सोमवारपासून कामावर."

"डाक्टरसाहेब, वास येऊन राह्यला," कडूबाई म्हणाली.

"जखमेला वास येतो. अत्तर लावू का?" आणि तो हसला. दारात उभा असलेला तातेरावही हसला. देवानंदने पुन्हा भज्यांकडे हात नेला.

त्या आठवड्यात वास भिंत ओलांडून माझ्या खोलीत आला. गोडसर, कुजलेला. जेवताना घास गिळवेना. साखराला मी माझ्याकडे झोपायला बोलावलं. कडूबाई हात छातीशी धरून बसून राहायची, आणि जिला रूईचा एक तंतू अंगावर चालायचा नाही ती स्वतःच्याच हातापासून तोंड फिरवून घ्यायची. एकदा म्हणाली, "मेंढरांच्या जखमंतले किडे म्या ह्या हातानं वेचले बाई. कवा किळस आली न्हाई. आता माझीच मला यायलीय."

मी तिला जालन्याला न्यायचं ठरवलं. रामकिसन म्हणाला, "बाहीरच्या डाक्टरकडं गेलं तर जिनिंग हात वर करील." मी म्हणाले, "आता हात वाचतो का ते बघू." एसटीत आम्ही बसलो तशी पुढची-मागची बाकं रिकामी झाली. एका धोतरवाल्याने नाकाला उपरणं लावून कंडक्टरला सांगितलं, ह्यांना खाली उतरवा. कंडक्टर भला होता. त्याने खिडक्या उघडल्या आणि घंटी मारली.

जालन्याच्या सरकारी दवाखान्यात एक सर्जनबाई होत्या. त्यांनी नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले. बराच वेळ धुतले. कडूबाई ताप विसरून त्यांच्याकडे बघत राहिली. मग त्यांनी टाके उसवले. चिमट्याने आतून काहीतरी ओढलं, ते लांबत गेलं. पिवळ्या पुवात भिजलेली रूई होती. वंगणाने काळी झालेली, पीळ घातल्यासारखी. देवानंदने जखम धुतलीच नव्हती. कापूस आत ठेवून वरून शिवला होता, उशी शिवावी तसा.

सर्जनबाई आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "हे कुणी केलं?" आणि उत्तराची वाट न बघता, "राहू द्या. नाव ऐकून मी काय करणार आहे."

दोन बोटं काढावी लागली. हात वाचला, पण मूठ मिटेना.

महिन्याभराने ती जिनिंगवर गेली. तातेरावने तिला फाटकातच उभं केलं. शाळा सुटल्यावर मी गेले होते, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

"आमच्या डॉक्टरने तुला बरी म्हणून लिहून दिलं होतं," तो म्हणाला. "मग तू बाहेर गेलीस. तिथं चांगली बोटं कापली. आता खर्च त्या कापणाऱ्याकडं माग."

"चांगली व्हती? वास तर तुमीबी घेतला व्हता, साहेब."

"मला सर्दी होती," तातेराव म्हणाला, आणि आजूबाजूला उभ्या असलेल्या मुकादमांकडे बघून त्याने डोळा मारला.

पाली बघून, गटारं बघून शिसारी येते, ती क्षणात निवते. त्या डोळा मारण्याची मला आजही येते. कडूबाईला कामावर घेतलं नाही. भरपाईसाठी आम्ही जालन्याच्या कामगार कचेरीत अर्ज केला, आणि तो पुढे सरकेना. ती खुरपायला, सरकी निवडायला जाऊ लागली.

पुढच्या हंगामात पुंजारामचा पाय गेला. पुंजाराम हा गाठी बांधायच्या प्रेसवरचा मजूर. शांत माणूस, एकादशीला सगळ्यांना शेंगदाणे वाटायचा. दाबाची लोखंडी फळी पायावर आली. त्याला उचलून देवानंदच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. त्याच्या बायकोने, सोनूबाईने, जालन्याला नेऊ द्या म्हणून पाया पडून सांगितलं. देवानंद म्हणाला, नेलं तर मग माझी जबाबदारी नाही आणि जिनिंगचीही नाही. घरात खायला नव्हतं. तिने नेलं नाही. पाय घोट्यापासून काळा होत मांडीपर्यंत चढला, तेव्हा देवानंदने स्वतःच सांगितलं, आता न्या. पुंजाराम जालन्याच्या वाटेवर टेम्पोतच वारला.

तिसऱ्याला कडूबाई सोनूबाईच्या दारात बसून होती. रडली नाही. उठताना मला म्हणाली, "म्या बोंबलायला पायजे व्हतं बाई. म्या नुसता अर्ज केला."

त्यापुढच्या हंगामाचा मुहूर्त आला. जिनिंगला तोरण बांधलं, नारळ ठेवले. पहाटेपासून कापसाच्या बैलगाड्यांची रांग फाटकापासून पार मोंढ्यातल्या बाजारापर्यंत गेली होती. बाया कामावर आल्या त्या फाटकाशीच बसल्या. मधोमध कडूबाई. ती कामावर नव्हतीच, त्यामुळे तिला कामावरून काढायची धमकी देता येत नव्हती.

सुरुवातीला गाडीवाल्यांनी शिव्या दिल्या. उन्हं वर आली, बैल तहानले, तशा शिव्या वाढल्या. "ह्या बायांपायी आमचा माल वाळून राह्यला," एकजण चाबूक आपटत पुढे आला. त्याच रांगेत पुंजारामचा थोरला भाऊ इंद्रभान गाडी घेऊन उभा होता. तो खाली उतरला. त्याने जू उतरवलं, बैल सोडून लिंबाला बांधले, पेंढी टाकली आणि गाडीखाली जाऊन आडवा झाला. चाबूकवाला त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याच्यामागच्या गाडीचे बैल सुटले. मग त्याच्या मागच्या. संध्याकाळपर्यंत रस्त्यावर बाजार भरल्यासारखं झालं, चुली पेटल्या.

दुसऱ्या दिवशी मालक जीपमधून आला. धुतलेले पांढरे कपडे, कानात अत्तराचा बोळा. बायांपासून चार हात दूर उभा राहून त्याने विचारलं, "काय पाहिजे? मजुरी वाढवून पाहिजे का?"

"मजुरीचं मागून बघू, शेठ," कडूबाई म्हणाली. "हात धुनारा डाक्टर पायजे."

मुकादम हसले. मालकही हसला. "आपला डॉक्टर आहे की."

"त्यो तुमचा हाय. आमाला आमचा पायजे. ज्येला लागलं त्यो म्हनल त्या डाक्टरकडं जाईल. सरकारी दवाखान्यात जाईल. खर्चा जिनिंगनं द्यायचा, अन् त्या डाक्टरचा कागद तुमी मानायचा."

"उद्या भगताकडं जाशील, त्याचाही कागद मानू?"

कडूबाईने डावा हात वर केला. तीन बोटांचा, न मिटणारा. "भगतानं कापूस तरी आत शिवला नसता," ती म्हणाली.

या वेळी मुकादम हसले नाहीत.

मालकाला बायांची पर्वा नव्हती. पण गाड्या परभणीकडच्या जिनिंगला वळायला लागल्या तशी त्याला अक्कल आली. कामगार कचेरीतले साहेब आले, बैठक झाली. तातेरावने नवीन फाटा फोडला. बाहेरचा डॉक्टर चालेल, पण एमबीबीएस पाहिजे. मोठं साळसूद बोलणं. मंठ्यात तेव्हा एमबीबीएस दोनच होते. एक देवानंद, दुसरा सरकारी दवाखान्यातला, जो आठवड्यातून निम्मे दिवस कुलूप लावून जायचा. म्हणजे फिरून गाडं देवानंदच्याच दारात.

गावात दुर्गाबाई नावाच्या एक आयुर्वेदाच्या पदवीधर डॉक्टर होत्या. पेशंटसमोर स्टोव्ह पेटवून सुया उकळायच्या, आणि आपल्या आवाक्यातलं नाही असं दिसलं की ताबडतोब जालन्याला पाठवायच्या. कडूबाईने त्यांचं नाव घेतलं. तातेराव म्हणाला, "काढेवाली?" कचेरीतले साहेब घड्याळाकडे बघत होते, त्यांना शेवटची बस गाठायची होती. त्यांनी लिहिलं, कोणताही नोंदणी झालेला पदवीधर डॉक्टर. मालकाने सही केली. बाया उठल्या, रेचे सुरू झाले.

इथं गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं.

पण फाटकासमोर त्याच हंगामात नवे बोर्ड लागले. जिनिंग पैसे भरते हे कळल्यावर कुठून कुठून डॉक्टर आले. कुणी खरा, कुणी अर्धा. एकाने मुकादमांना हाताशी धरलं. बाईला रेच्यावर जरा खरचटलं की मुकादम तिला उचलून त्याच्याकडे न्यायचा, तो सलाईन लावायचा, आणि हिस्सा मुकादमाच्या खिशात. देवानंदने पुतण्याच्या नावाने दुसरा दवाखाना काढला, पांढऱ्या फरशीचा. आत बसायचा तोच. ज्या रस्त्यावर पुंजारामच्या भावाने बैल सोडले होते, तिथं आता जखमी बाईची ओढाओढ व्हायची, बसस्टँडवर हॉटेलवाले गिऱ्हाईक ओढतात तशी. हे बघताना मला वाटायचं, आपण या माणसांसाठी दार उघडलं, आणि आत आधी माशाच शिरल्या.

मी हे बोलून दाखवलं तर कडूबाई चिडायची. "माशा येनारच. म्हून काय दार लावून घ्यायचं?" आणि कुणाला लागलं की ती खुरपं टाकून जायची. जखमीच्या कमरेला हात घालून त्या घोळक्यातून वाट काढायची, दुर्गाबाईंकडे न्यायची किंवा सरळ जालन्याच्या गाडीत बसवायची. मुकादमांनी तिला दोनदा मारहाण केली. एकदा कपाळ फुटलं. दुर्गाबाईंनी ते शिवलं. तेवढ्या वर्षांत कितीतरी हात-पाय सडण्यावाचून वाचले, याची कुणी नोंद ठेवली नाही. ठेवणार कोण?

तिच्या स्वतःच्या भरपाईचा अर्ज मात्र कचेरीत पडून होता. एक्याण्णव साली त्याला एकदाची तारीख लागली. हात किती निकामी झाला हे ठरवायला मालकाच्या वतीने डॉक्टर तपासणार होता. मालकाने नेमलेल्या डॉक्टरला तपासू दिलंच पाहिजे, नाहीतर दावा थांबतो, असं कायदाच सांगतो. मी सुट्टी काढून बरोबर गेले. कचेरीच्या मागच्या खोलीत आम्हाला नेलं.

टेबलामागे देवानंद बसला होता. थोडा जाड झालेला, चष्मा लागलेला. त्याने तिला ओळखलं नाही, किंवा तसं दाखवलं.

"हात ठेवा इथं," तो म्हणाला.

कडूबाईने हात पदराखालून काढलाच नाही. "आदी हात धुवा."

"जखम कधीच भरली आहे, बाई."

"तुमचे हात धुवा म्हनते मी."

खोलीत माठ होता, पेला होता. एवढंच करायचं होतं. त्याने खिशातून रुमाल काढला, बोटं पुसल्यासारखं केलं आणि हात पुढे केला. "आण."

ती उठली. कचेरीतल्या कारकुनाने समजावलं, मी समजावलं. ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली. तिने तपासणीस नकार दिला, असं कारकुनाने लिहिलं, आणि दावा तिथंच थांबला. तो पुन्हा कधी उभा राहिला नाही.

परतीच्या बसमध्ये मला राग आवरेना. "दोन मिनिटं सोसलं असतं तर काय बिघडलं असतं? एवढी वर्षं वाट बघितली."

ती खिडकीबाहेर बघत होती. वाटूर मागे पडल्यावर म्हणाली, "त्या हातानं पुंजारामचा पाय बांधला व्हता बाई. त्यो हात माझ्या अंगाला लागू द्यायचा व्हता का म्या?"

रामकिसन वारल्यावर कडूबाई वडीगोद्रीला साखराकडे गेली. साखराच्या नवऱ्याचं तिथं हायवेला चहा-नाश्त्याचं दुकान होतं. मी मंठ्यातच मुख्याध्यापिका झाले. जिनिंगमध्ये हळूहळू नवी यंत्रं आली. कापूस वरून पाइपातून पडू लागला, बाया कमी झाल्या.

दोन हजार तीन साली त्याच जिनिंगच्या आवारात कामगार आरोग्य शिबिर झालं आणि डॉक्टर देवानंदचा सत्कार ठेवला गेला. आमच्या शाळेच्या मुलींना स्वागतगीताला बोलावलं होतं, म्हणून मला जावं लागलं. शाल, श्रीफळ, फेटा. तातेराव सूत्रसंचालनाला. देवानंद बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, "कामगाराला आपल्या पसंतीचा डॉक्टर निवडण्याचा हक्क या तालुक्यात सर्वांत आधी आमच्या जिनिंगने दिला, याचा मला अभिमान आहे." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या लोकांना सगळं माहीत होतं. त्यांनीच आधी वाजवल्या. मुलींना घेऊन मी भाषण संपताच निघाले, जेवणाच्या पंगतीला थांबले नाही.

रविवारी मी वडीगोद्रीला गेले. कडूबाई दुकानामागे बसून कांदे चिरत होती, डाव्या हाताच्या तळव्याखाली कांदा दाबून. मी तिला भाषण शब्दन् शब्द सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. "दुर्गाबाई व्हत्या का तिथं?"

"नव्हत्या. बोलावलंच नव्हतं."

"सोनूबाई?"

"नाही."

कडूबाईने एक शिवी हासडली, ती मी इथं लिहीत नाही. मग पुढचा कांदा घेतला. "अन् बाया? लागल्यावर जात्यात ना पायजे तिथं?"

"ज्या कामावर उरल्यात त्या जातात."

"मंग म्हनू द्या त्याला काय म्हनायचं त्ये," ती म्हणाली आणि साखराला हाक मारली, "बाईंला भाकर टाक गं, अन् ठेचा वाढ."

तिचं तिथं संपलं होतं. माझं संपलेलं नाही. त्या टाळ्या आठवल्या की मला अजून घास बाजूला ठेवावा लागतो.